घंटा ठेवा, बाकी खुशाल बदला

साताऱ्याच्या दोन चुलतभावांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांची छोटी निर्मिती संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. पहिला लोगो असा होता: एसटीच्या कंडक्टरचा हात छताची दोरी ओढतो, घंटा दोनदा वाजते आणि संस्थेचं नाव येतं. दोघांपैकी एकाचे वडील एसटीत वाहक होते, म्हणून ही कल्पना. २०१८ मध्ये ती काढून सोनेरी थ्रीडी अक्षरं आणि उडत्या ठिणग्या आणल्या. २०२१ मध्ये ठिणग्याही गेल्या आणि निळ्या पार्श्वभूमीवर संस्थेच्या नावाची दोन सपाट आद्याक्षरं आली. आता एका वाहिनीची मालिका हातात येते आहे, म्हणून चौथा लोगो करायचं चाललं आहे. अजिंक्यतारा, उगवता सूर्य, तुतारी वाजवणारा माणूस आणि महाराजांची छायाकृती. ‘मोठ्या टीव्ही निर्मिती संस्थांचे पडद्यावरचे लोगो कसे बदलत गेले, आणि आम्ही आता काय करावं?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

मी सांगलीत संकलन आणि ग्राफिक्सचं काम करतो, टेपच्या काळापासून. उत्तर लांबेल, म्हणून निष्कर्ष आधीच सांगतो. चौथा लोगो करू नका. पहिला परत घ्या, आजच्या पडद्यासाठी नीट बांधा आणि पुढची वीस वर्षं त्यातली एकच गोष्ट हलवू नका: दोरी ओढणारा हात आणि ती घंटा. हे का, ते आता सविस्तर.

आधी लोगोला किती जागा मिळते ते बघा. मालिकेच्या भागात तुमच्या संस्थेचं नाव बहुतेक शेवटी येतं, दोन-तीन सेकंद. तोवर गोष्ट संपलेली असते. घरातलं एक माणूस स्वयंपाकघराकडे निघालेलं असतं, दुसऱ्याने रिमोट उचललेला असतो. डोळे पडद्यावर नसतात, कान मात्र असतात. सिनेमाचा लोगो अंधारात, खुर्चीत बसलेल्या आणि पैसे मोजून आलेल्या माणसासमोर सुरुवातीला येतो, त्याला ऐसपैस वेळ मिळतो. टीव्हीच्या लोगोला असं काही मिळत नाही. त्यामुळे जे टीव्ही लोगो लोकांच्या डोक्यात राहिले, ते बहुतेक आवाजामुळे आणि एखाद्या छोट्या कृतीमुळे राहिले. चित्राची सफाई हे कारण फार कमी वेळा दिसतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या एमटीएम एंटरप्रायझेसचं. अभिनेत्री मेरी टायलर मूर आणि तिचे तेव्हाचे पती ग्रँट टिंकर यांनी १९६९ मध्ये ही संस्था काढली. १९७० मध्ये तिच्याच नावाची विनोदी मालिका सुरू झाली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी सोनेरी वर्तुळात एक मांजराचं पिल्लू दिसू लागलं, ‘म्याँव’ करणारं. एमजीएम या बड्या स्टुडिओच्या डरकाळी फोडणाऱ्या सिंहाची ती सरळसरळ गंमत होती. पिल्लाचं नाव मिम्सी. सिंहाच्या जागी मांजर आणल्याने संस्था छोटी आहे, विनोदी आहे आणि तिला मोठेपणाचा आव आणायचा नाही, हे सगळं दोन सेकंदांत कळत होतं.

पुढे संस्था वाढली आणि विनोदी मालिकांबरोबर गंभीर मालिकाही करू लागली. इथे बहुतेक संस्था लोगो बदलतात; ‘आता आपण मोठे झालो, मांजर शोभत नाही’ असं कुणीतरी बैठकीत म्हणतंच. एमटीएमने मांजर ठेवलं आणि मालिकेप्रमाणे त्याला वेश दिला. पोलिसांवरच्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’मध्ये त्याच्या डोक्यावर पोलिसी टोपी आली. रुग्णालयावरच्या ‘सेंट एल्सव्हेअर’मध्ये शस्त्रक्रियेची टोपी आणि मास्क आला. गुप्तहेरांच्या ‘रेमिंग्टन स्टील’मध्ये शेरलॉक होम्ससारखी टोपी आणि पाइप आला. ‘न्यूहार्ट’मध्ये तर म्याँवचा आवाज मालिकेचा नायक बॉब न्यूहार्ट यानेच दिला. ‘सेंट एल्सव्हेअर’चा शेवटचा भाग १९८८ मध्ये प्रसारित झाला, तेव्हा श्रेयनामावली चालू असताना मांजर सलाइन लावून पडलेलं दाखवलं आणि शेवटी मॉनिटरवरची रेषा सरळ झाली. प्रेक्षक अजून त्याविषयी बोलतात. मिम्सीही त्याच वर्षी गेली.

या उदाहरणात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. लोगो अठरा वर्षं बदलतच होता, जवळपास प्रत्येक मालिकेत वेगळा होता. पण तो ओळखू आला नाही असं एकदाही झालं नाही, कारण वर्तुळ, मांजर आणि म्याँव या तीन गोष्टी जागच्या हलल्या नाहीत.

स्टीफन जे. कॅनेल या लेखक-निर्मात्याच्या संस्थेचा लोगो याच जातीचा. १९८० च्या दशकात तो घरोघर पोचला. कॅनेल स्वतः टाइपरायटरवर टाइप करताना दिसतो, कागद खसकन ओढून काढतो, हवेत भिरकावतो, कागद तरंगत जातो आणि त्याचं इंग्रजी ‘सी’ अक्षर होतं. हा तुकडा नव्याने चित्रित होत राहिला. त्याचे कपडे बदलले, वय दिसू लागलं, खोली बदलली. कागद ओढण्याची आणि फेकण्याची कृती मात्र तीच. पुढे टाइपरायटर जगातून गेला तरी लोगो जुना वाटला नाही, कारण ती या माणसाची रोजची, खरी कृती होती. तुमच्या घंटेचंही असंच आहे. काही नव्या गाड्यांत दोरीच्या जागी बटण आलं आहे, म्हणून तुमच्यापैकी एकाला दोरी ‘आउटडेटेड’ वाटते असं तुम्ही लिहिलं आहे. वाटू दे. तुमच्या घरात त्या दोरीवर संसार चालला, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या संस्थेला सांगता येणार नाही.

गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या उबू प्रॉडक्शन्सने तर हालचालसुद्धा ठेवली नाही. त्यांच्या कुत्र्याचा एक स्थिर फोटो, वर आवाज: ‘सिट, उबू, सिट. गुड डॉग,’ आणि मग एक भुंकणं. बस्स. १९८२ पासून हे चाललं आणि कुत्रा गेल्यावरही चालत राहिलं. एक फोटो आणि एक आवाज, यात ग्राफिक्सचा खर्च जवळपास नाहीच.

आता उलटी बाजू. आवाज चुकला तर काय होतं, याचीही दोन प्रसिद्ध उदाहरणं आहेत. कोलंबिया पिक्चर्सची टीव्ही शाखा स्क्रीन जेम्स हिने १९६५ मध्ये नवा लोगो आणला. दोन पट्ट्या येतात, एका ठिपक्याभोवती वळतात आणि ‘एस’ तयार होतं. चित्र म्हणून आजही उत्तम आहे. सोबत एरिक सिडे यांनी सिंथेसायझरवर केलेली काही सुरांची धून होती. तेव्हा असले विजेवरचे आवाज लोकांच्या कानाला अजिबात सवयीचे नव्हते. हलक्याफुलक्या मालिकेनंतर एकदम ते सूर आले की लहान मुलं खोलीतून पळून जायची. त्या पिढीने मोठेपणी या लोगोला ‘नरकातला एस’ असं नाव दिलं. व्हायाकॉमचा १९७६ चा लोगोही असाच: मोठं ‘व्ही’ अक्षर थेट अंगावर चालून येतं आणि वर कर्कश सिंथेसायझर. त्यालाही ‘सर्वनाशाचा व्ही’ हे टोपणनाव पडलं. दोन्ही लोगो लोकांच्या लक्षात राहिले हे खरं, पण कौटुंबिक मालिका करणाऱ्या संस्थेला अशी आठवण नको असते.

यातून एक तांत्रिक बाब शिकून घ्या, कारण आपल्याकडे ती रोज चुकते. वाहिनी भागाचा सरासरी आवाज मोजून घेते. बऱ्याच ठिकाणी तो उणे २३ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास लागतो. बावीस मिनिटांच्या भागात तीन सेकंदांचा लोगो कितीही मोठा वाजवला तरी सरासरी फारशी हलत नाही. म्हणून मिक्सिंगवाला लोगोचा आवाज चढवून ठेवतो आणि तपासणीतून तो सुटतोही. घरात मात्र आजोबा दचकतात. घंटेचा आवाज मुळात टोकदार असतो, तो चढवायची गरजच नाही. भागातल्या शेवटच्या संवादाच्या पातळीला घंटा ठेवा, वर एक कणही नको.

लोगो का बदलत गेले, हे आता बघू. बहुतेकांना वाटतं की आवड बदलली, फॅशन बदलली म्हणून. माझ्या मते फॅशनचा वाटा सगळ्यात कमी. मालक, यंत्र, पडदा आणि मिळणारा वेळ, या चार गोष्टींनी लोगो बदलायला लावले.

मालकाचं उदाहरण डेसिलूचं. ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या जोडप्याने १९५० मध्ये ही संस्था काढली. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’च्या शेवटी आधी डेसिलूचं नाव येत होतं. १९६७ मध्ये गल्फ अँड वेस्टर्नने संस्था विकत घेतली, ती पॅरामाउंटमध्ये मिसळली आणि त्याच मालिकेच्या पुढच्या भागांत पॅरामाउंटचं नाव आलं. मालिका तीच, कलाकार तेच, लोगो दुसरा. अमेरिकेत असे व्यवहार फार झाले. नवा मालक जुन्या मालिका पुन्हा दाखवताना जुन्या लोगोवर आपला लोगो चिकटवतो, त्यामुळे मूळ लोगो पाहायला हौशी लोक जुन्या टेपा धुंडाळतात. व्हायाकॉमचा जन्मच नियमातून झाला. वाहिन्यांनी मालिकांच्या पुनर्विक्रीत मालकी ठेवू नये असा नियम १९७० मध्ये अमेरिकेत आला, म्हणून सीबीएसला तो धंदा वेगळा काढावा लागला आणि त्या नव्या कंपनीला पडद्यावर दाखवायला नवं चिन्ह लागलं. आपल्याकडे वाहिन्यांच्या बाबतीत हे घडलेलं तुम्ही पाहिलं आहे: १९९९ ची अल्फा मराठी २००५ मध्ये झी मराठी झाली, २००० ची ईटीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. तुमच्या संस्थेचे मालक बदललेले नाहीत. हे कारण तुम्हाला लागू नाही.

यंत्राचं कारण जास्त रंजक आहे. संगणक येण्याआधी हलणारा लोगो म्हणजे खरी वस्तू किंवा खरा कागद, आणि त्यावर कॅमेरा. आपल्या दूरदर्शनचं चिन्ह बघा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले देवाशिष भट्टाचार्य यांनी ते रेखाटलं, आर. एल. मिस्त्री यांनी त्याच रेखाटनाच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवत, चित्रामागून चित्र टिपत ते हलतं केलं. दोन वक्र आकार फिरत येतात आणि मधल्या गोलाभोवती बसतात, डोळा पूर्ण होतो. धून पंडित रविशंकरांची, त्यात उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची सनई. १९७६ मध्ये ते पहिल्यांदा दिसलं. आपल्या पिढीला ती धून झोपेतून उठवून विचारली तरी येते. तेव्हाच्या यंत्राला जेवढं जमत होतं तेवढंच त्यात आहे: फिरणं, जवळ येणं, थांबणं. पुढे रंग आले, संगणक आला, पण चिन्हाचा सांगाडा तोच राहिला.

अमेरिकेत त्याच सुमारास स्कॅनिमेट नावाचं यंत्र होतं. काळ्यापांढऱ्या अक्षरांची फिल्म त्यात लावायची आणि नॉब फिरवून पडद्यावरची प्रतिमा ताणायची, वाकवायची, चमकवायची. सत्तरच्या दशकातले झळाळत, शेपूट सोडत येणारे बरेच लोगो त्या यंत्राचे. सगळेच तसे दिसायचे, कारण यंत्र तसं होतं. तुमच्या २०१८ च्या सोनेरी अक्षरांचंही हेच झालं. आफ्टर इफेक्ट्स या हलत्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरची तयार टेम्प्लेट, तिच्यात नाव घातलं, रेंडर केलं. त्या दोन-तीन वर्षांत सांगली, सातारा, कोल्हापुरातल्या लग्नाच्या व्हिडिओपासून लघुपटांपर्यंत सगळीकडे तीच ठिणगी उडत होती. एकाच महोत्सवात लागोपाठ दोन संस्थांचे लोगो सेकंदासकट सारखे पाहिले आहेत मी. टेम्प्लेट विकत घेतली तरी ती एकट्या तुमची होत नाही. विकणारा ती हजारांना विकतो.

शिवाय ठिणग्या टीव्हीवर टिकत नाहीत. केबलवर किंवा मोबाइलवर चित्र दाबून पाठवलं जातं आणि दाबणाऱ्या यंत्रणेला सगळ्यात जड जातात ते हजारो बारीक, वेगवेगळ्या दिशांनी पळणारे ठिपके. स्टुडिओच्या मॉनिटरवर सोनं दिसतं, घरी चौकोनी डबक्यांचा चिखल दिसतो. निळ्या पार्श्वभूमीच्या तिसऱ्या लोगोला दुसरा त्रास: फिकटापासून गडदाकडे जाणाऱ्या रंगात पायऱ्या दिसतात. पार्श्वभूमीवर किंचित ग्रेन, म्हणजे बारीक दाणे, टाकला की त्या बऱ्याच अंशी मोडतात. हे चटकन करून बघा, फरक लगेच दिसेल.

पडद्याच्या बाबतीत देवनागरीवाल्यांची अडचण इंग्रजीवाल्यांपेक्षा वेगळी आहे आणि तिच्याविषयी फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबतो. टीव्ही प्रक्षेपणाच्या जुन्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या आडव्या ओळी ५७६. त्या एकदम दाखवल्या जात नसत; आधी एकाआड एक २८८, मग उरलेल्या २८८, असं सेकंदाला पन्नास वेळा. आता आपली शिरोरेषा घ्या, आडवी आणि सरळ. ती एका ओळीइतकी बारीक असली तर अर्ध्या वेळा दिसते आणि अर्ध्या वेळा नाही, म्हणजे थरथरते. नाव हळूहळू वर सरकवलं तर विशिष्ट वेगाला शिरोरेषा चक्क गायब होते. म्हणून जुन्या काळातल्या मराठी शीर्षकांत जाड अक्षरं असायची. बऱ्याच वाहिन्यांचं एचडी प्रक्षेपण अजूनही याच आडव्या-ओळी पद्धतीचं असतं, फक्त ओळी १०८० झाल्या. तेव्हा नावाची शिरोरेषा निदान चार ओळींइतकी जाड ठेवा, उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर द्या आणि नाव वरखाली सरकवू नका. जागेवर उजळू द्या. जोडाक्षरं आणि वेलांट्या मोबाइलवर किती लहान होतात तेही एकदा हातात फोन धरून, हात लांब करून बघा.

जुन्या ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड जायच्या, म्हणून मजकूर मधल्या ऐंशी टक्के भागात ठेवायची शिस्त होती. आता कडा जात नाहीत, पण शिस्त सोडू नका. कोपऱ्यात वाहिनीचा बग, म्हणजे तिचं छोटं चिन्ह, असतो, खाली पुढच्या कार्यक्रमाची पट्टी येते, आणि हाच लोगो उद्या उभ्या व्हिडिओत, १०८० बाय १९२० मध्ये, वापरावा लागेल. तुमची कल्पना याला फार सोयीची आहे. हात खालून वर जातो, दोरी वर, नाव मध्ये. उभ्या चौकटीतही ती मोडत नाही. अजिंक्यताऱ्याचा आडवा पसारा उभ्या चौकटीत बसवून दाखवा बरं.

वेळेचं कारण शेवटचं. अमेरिकेत १९९४ पासून एनबीसीने शेवटची श्रेयनामावली एका कडेला दाबून बाजूला पुढच्या कार्यक्रमाची झलक दाखवायला सुरुवात केली, इतर वाहिन्याही त्याच वाटेने गेल्या. सहा-सात सेकंदांचे रमतगमत येणारे लोगो दोन-तीन सेकंदांवर आले. चक लॉरी या निर्मात्याने १९९७ पासून याच जागेत एक वेगळी वाट काढली: सेकंदभर दिसणारं मजकुराचं पान, प्रत्येक भागाला नवं. वाचायचं असेल तर टेप थांबवून वाचा. पुढे ओटीटी आलं. तिथे भाग संपायच्या आत ‘पुढचा भाग’ सुरू होतो आणि शेवटचा लोगो बहुतेक जण बघतच नाहीत. म्हणून लोगो पुन्हा सुरुवातीला सरकला.

इथे तुमच्या घंटेत एक सोय दडलेली आहे आणि ती तुमच्या ध्यानात आली आहे की नाही, मला ठाऊक नाही. एसटीत डबल बेल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा. महाराष्ट्रात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेबवरच्या भागाच्या सुरुवातीला लोगो आला की दोन टोल. वाहिनीवरच्या भागाच्या शेवटी आला की एक टोल. एकच लोगो, दोन रूपं, आणि दोन्हींना अर्थ आहे. मी इतक्या वर्षांत इतका नेमका ध्वनी-लोगो फार थोड्या संस्थांकडे पाहिला आहे, आणि तुम्ही तो २०१८ मध्ये काढून टाकलात याचं मला खरंच वाईट वाटलं.

चौथ्या लोगोच्या कल्पनेबद्दल स्पष्ट बोलतो. महाराजांविषयीचा आदर साताऱ्यात कुणाला शिकवायला नको. पण १९५० च्या बोधचिन्ह आणि नावे अधिनियमाच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. धंद्याच्या चिन्हासाठी ते वापरायला सरकारची परवानगी लागते. वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. तुतारीचं म्हणाल तर या चिन्हाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री आजही मराठी माणूस लगेच ओळखतो. म्हणजे ती जागा आधीच भरलेली आहे. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे एका पक्षाला चिन्ह दिलं. त्या पक्षाबद्दल बरं-वाईट काहीच म्हणायचं नाही. पण उद्या निवडणुकीच्या महिन्यात तुमच्या मालिकेच्या शेवटी तीच आकृती झळकली, तर वाहिनी ती झाकायला सांगेल. चिन्हाचा अर्थ असा बाहेरूनही बदलतो. किल्ला आणि सूर्य यांना कायद्याची अडचण नाही, पण त्यात तुमचं असं काय आहे? तोच किल्ला आणि तोच सूर्य साताऱ्यात दुकानांच्या पाट्यांवरही दिसेल.

प्रभातची तुतारी, व्ही. शांताराम यांच्या १९४२ च्या राजकमलमधली कमळात उभी राहून फुलं उधळणारी स्त्री, किंवा १९४९ च्या ‘बरसात’मधल्या राज कपूर-नर्गिसच्या मुद्रेवरून आलेलं आर. के. चं चिन्ह, ही तिन्ही सिनेमाची आहेत. पण तिन्हींत एक माणूस काहीतरी करतो आहे. फुंकतो, उधळतो, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर प्रेयसी पेलतो. नुसतं अक्षर कुठेच नाही. तुमच्या तिसऱ्या लोगोतली दोन सपाट अक्षरं लेटरहेडवर छान दिसतील, तिथे जरूर वापरा. पडद्यावर हात लागतो.

आता प्रत्यक्ष बांधणी. तीन सेकंद म्हणजे आपल्या २५ फ्रेमच्या हिशोबाने ७५ फ्रेम. पहिल्या बारा फ्रेममध्ये हात वर जाऊन दोरी पकडतो. बाविसाव्या फ्रेमच्या आत दोन्ही टोल वाजून होतात. पंचविसाव्या फ्रेमला नाव पूर्ण उजळलेलं असतं आणि शेवटपर्यंत, म्हणजे दोन सेकंद, स्थिर राहतं. त्या दोन सेकंदांत काहीही हलवू नका, चमक फिरवू नका. घंटेचा नाद विरतो तेवढी हालचाल पुरे.

हात खरा चित्रित करा. थ्रीडी हात करायला जाल तर पाच वर्षांत तो जुनाट दिसेल. खरा हात जुनाट दिसणार नाही. वाहक राहिलेल्या वडिलांचाच हात मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. एसटी महामंडळाचं बोधचिन्ह, गाडीची रंगसंगती, गणवेशावरचा बिल्ला चौकटीत येऊ देऊ नका. छत, दोरी, हात एवढंच. वेगवेगळ्या मालिकांसाठी तोच हात बदलता येईल: पोलिसांच्या मालिकेत खाकी बाही, दवाखान्याच्या मालिकेत हातमोजा, घरगुती मालिकेत हिरवा चुडा, मुलांच्या मालिकेत उडी मारून कशीबशी दोरी गाठणारा छोटा हात. चौकट, कोन आणि टोल तेच ठेवा. मिम्सीचं तंत्र ते हेच.

घंटा लायब्ररीतून घेऊ नका. खरी घंटा मिळवा, शांत खोलीत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा, एकदा जवळून आणि एकदा दोन मीटरवरून. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. ढोलाचा घुमारा तिथे नुसता ठप् असा येतो. घंटा वरच्या पट्टीतली, ती कुठेही ऐकू जाते. टोलांच्या मागे धून हवीच असं तुमच्यापैकी कुणाचं म्हणणं असेल, तर मिरजेला या. सतारमेकरांच्या गल्लीत चांगल्या जवारीचा (घोडीवरच्या घासणीतून येणाऱ्या झंकाराचा) तंबोरा लावून एकच झंकार घ्या. त्याचा खर्ज मोबाइलवर जाईल, पण जवारीमुळे उठणारे वरचे स्वर टिकतात आणि घंटेच्या नादात मिसळतात. घंटेचा मुख्य सूर आधी ओळखा आणि तंबोरा त्याला जुळवून लावा, नाहीतर दोन्ही एकमेकांना खातील.

मग कागदपत्रं. लोगोची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग ४१ मध्ये होते, मनोरंजनाचा वर्ग तोच. दहा वर्षांनी नूतनीकरण असतं. २०१७ च्या नियमांनुसार ध्वनीचीही नोंदणी करता येते, तीस सेकंदांपर्यंतची एमपी३ फाइल आणि सोबत स्वरलेखन द्यावं लागतं. घंटेसारखा सर्वांच्या ओळखीचा आवाज एकट्याचा म्हणून मान्य करून घेणं सोपं नाही, तेव्हा तंबोऱ्यासह पूर्ण तुकडा दाखल करता येईल का हे ट्रेडमार्कच्या वकिलाशी बोलून ठरवा.

शेवटी फाइल जपणं, आणि इथे फार जण हात पोळून घेतात. आफ्टर इफेक्ट्सचा प्रोजेक्ट सात-आठ वर्षांनी उघडेलच याचा भरवसा धरू नका. एखादं प्लगइन बंद पडतं आणि सगळं कोसळतं. जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव नव्या मशीनवर अगम्य चिन्हं होऊन येतं. म्हणून नावाची अक्षरं आजच बाह्यरेषेत बदलून वेक्टर फाइल करा. हात, दोरी, नाव आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या थरांत, अल्फासह (म्हणजे पारदर्शकता राखून), एकेक फ्रेमच्या चित्रमालिका म्हणून काढून ठेवा. सुट्या चित्रांच्या फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. घंटा, तंबोरा आणि मिक्स या तीन वेगळ्या ध्वनिफाइली. आडवी, उभी आणि चौकोनी अशा तिन्ही चौकटी आत्ताच रेंडर करा. सगळ्याच्या दोन प्रती, एक साताऱ्यात, दुसरी साताऱ्याबाहेर कुणा नातेवाइकाकडे. २०१५ च्या मूळ चित्रीकरणाची कच्ची टेप किंवा कार्ड घरात कुठे असेल तर आधी ते शोधा. त्यातला हात वापरण्यासारखा निघाला, तर नवीन चित्रीकरण करायच्या आधी मला तो तुकडा पाठवा.